मच्छिंद्रराव अर्जनवीस यांनी चंद्रप्रभेस बोलती केली, ती हकिकत

श्री. समस्त वाचणारे, आणि वाचता न आले तरी मान डोलावणारे, यांसी बखरनवीसाचा रामराम आणि सलाम. मुलूख निजामशाही, जिल्हा औरंगाबाद, तालुके भोकरदन, फसली सन तेराशे सेहेचाळीस, इंग्रजी सन एकोणीसशे छत्तीस, माहे बहमन, म्हणजे आपल्या बायकामाणसांच्या हिशेबाने मार्गशीर्ष सरोन पौष लागला, त्या समयी घडले ते लिहितो. थोरामोठ्यांनी किल्ले घेतले आणि त्यांच्या बखरी जाल्या, ते यथास्थितच आहे. परंतु एका गृहस्थाने आपल्याच कादंबरीतल्या नायिकेच्या तोंडून एक धड वाक्य निघावे म्हणोन सारा महिना झुंज दिली, तिजकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. वास्तविक किल्ला घेणे सोपे, किल्ला उलट बोलत नाही. आम्ही जे देखिले ते लिहिले, आणि जे देखिले नाही ते त्या गृहस्थाच्या मित्राचे कुटुंब जी लालबी, तिच्या तोंडून ऐकिले, आणि लालबी खोटे बोलत नाही, फक्त जास्त बोलते.

तर राजेश्री मच्छिंद्रराव अर्जनवीस, वय पन्नासाच्या घरात, मूर्ती ठेंगणी, पगडी मोठी, यांचा मुक्काम तहसील कचेरीपुढील लिंबाच्या झाडाखाली. सरकारदरबारची जबान उर्दू आणि रयतेची जबान मराठी, आणि या दोन्ही मुलुखांच्या सरहद्दीवर रावांची सतरंजी. गाऱ्हाणे असेल त्याने यावे, समोर बसावे, आणि रावांनी टाक उचलला की आधी आपले नाव, बापाचे नाव, उमर, पेशा आणि गाव सांगावे, मग रडावे, ऐसी तेथील चाल. पंचक्रोशीत ती इतकी मुरली होती की टाक दिसला तरी लोक बापाचे नाव सांगत. आणि रावांची कामगिरी ऐसी की रडणे कितीही मोठे असो, ते त्याचा चार ओळींत बंदोबस्त करीत. केदारखेड्याची दुर्गाबाई आली आणि जावेने कोंबड्या पळविल्या म्हणोन छाती पिटून बोलली की, "तिच्या चुलीत पानी पडो, तिला भाकर गोड न लागो, माह्या कोंबडीचं एकेक पीस तिच्या नरड्यात अडको!" आणि राव यांनी शांतपणे लिहिले की, अर्जदारीण सख्त नाराज आहे. तहसीलदार साहेब खूष, दुर्गाबाईही खूष, कारण काय लिहिले ते तिला कळले नाही.

ऐसे चोवीस वर्षे चालले. परंतु माणसाच्या पोटात काय असेल सांगता येत नाही. या चोवीस वर्षांत रावांनी हजारो अर्ज लिहिले आणि प्रत्येकाखाली दुसऱ्याचा अंगठा. आपले म्हणावे ऐसे एक पान नाही, याचे त्यांस आतून फार वाईट वाटे. म्हणोन सात वर्षे खपोन त्यांनी एक कादंबरी रचिली. नायिका चंद्रप्रभा, नायक वीरेंद्र, मध्ये एक दुष्ट मामा, एक पूर, एक हरवलेली अंगठी, सर्व सरंजाम यथासांग. ती औरंगाबादेस एका मासिकाच्या संपादकांकडे रवाना केली, आणि राव यांनी तमाम कचेरीस सांगोन ठेविले की आता छापून येते. हे सांगण्याची घाई करू नये ऐसे शहाणे म्हणतात, परंतु शहाण्यांनी कादंबरी लिहिलेली नसते.

मग बहमनच्या पहिल्या हप्त्यात संपादकांचा खलिता दाखल जाला. मजकूर येणेप्रमाणे की, कथा रसाळ आहे, पूर उत्तम आहे, मामाही पसंत आहे. परंतु आपली पात्रे बोलत नाहीत, जबानी देतात. शेवटचे प्रकरण, ज्यात नायक-नायिका एकमेकांस मन सांगतात, ते बोलते करोन महिनाअखेर पाठवावे, म्हणजे चैत्रापासून छापू. न जमल्यास बाड परत येईल आणि पुन्हा मागविले जाणार नाही.

संपादकांवर रागावण्यापूर्वी ते प्रकरण कसे होते तेही नमूद केले पाहिजे. चांदणे पडले आहे, चाफा फुलला आहे, आणि चंद्रप्रभा वीरेंद्रास म्हणते: "मी चंद्रप्रभा, बाप गोविंदराव, उमर अठरा, पेशा घरकाम, राजीखुशीने सांगते की आपणांवर माझे प्रेम असून ते मागील चैत्रापासून चालू आहे. सबब मेहेरबानी होऊन विवाह मंजूर व्हावा." त्यावर वीरेंद्र: "वरील मजकूर ऐकिला. बराबर आहे." चाफा तेव्हाच कोमेजला असेल, परंतु रावांनी तसे लिहिलेले नाही.

खलिता वाचोन राव यांचा चेहरा उतरला आणि त्या दिवशी त्यांनी दोन अर्ज भलत्याच माणसांच्या नावे लिहिले. मग परममित्र निजामोद्दीन, स्टांप विकणारे, ज्यांची सतरंजी रावांच्या सतरंजीस लागोनच, यांशी मसलत बसली. निजामोद्दीन यांनी बाड मागून घेतले, चष्मा पुसला, प्रकरण वाचले आणि विचारले की, या बाईस तारीख कोणती पडली आहे? राव यांस हे लागले. तेव्हा निजामोद्दीन यांनी आपला हुकूम ऐसा फर्माविला की, घरी बसोन बोली सापडत नाही. बाजारात जावे, माणसे कशी बोलतात ती ऐकावी आणि जशीच्या तशी लुटून आणावी. राव म्हणाले, बिलकुल बराबर. आणि मोहीम ठरली.

बाजाराचा दिवस पाहोन खासा स्वारी सकाळीच निघाली. बगलेत कोरे कागद, कानावर टाक, कमरेस दौत, ऐसा जंगी सरंजाम. प्रथम मोर्चा बैलबाजारावर लाविला, कारण दोन माणसे सौद्यास बसली म्हणजे बोलीचा नुसता पाऊस पडेल ऐसा रावांचा कयास. परंतु बैलांचा सौदा कसा होतो हे चोवीस वर्षे सतरंजीवर बसलेल्यास काय ठाऊक! दोघांनी हातांवर धोतराचा सोगा घेतला, आतून एकमेकांची बोटे दाबिली, एकाने मान हलविली, दुसऱ्याने नाक मुरडिले, पुन्हा बोटे दाबिली, आणि बैल गेला की हो! तोंडातून अवाक्षर नाही. राव यांनी कागदावर लिहिले, "बोटे", आणि पुढे काय लिहावे ते सुचेना.

मग मोर्चा मिरचीवाल्या बायकांकडे फिरविला. तेथे कचरू नामे एक शेतकरी आणि मिरची विकणारी पुष्पाबाई यांची ऐसी जुंपली होती की ऐकणाऱ्यास ठसका लागावा. राव हरखले, जवळ बसले आणि कानावरील टाक काढिला. तो टाक दिसताच कचरू गप्प जाला, पागोटे सावरले आणि हात जोडोन बोलिला की, मी कचरू, बाप सखाराम, उमर चाळीस, पेशा शेती, या बाईचे माप खोटे आहे. पुष्पाबाईनेही पदर सारखा केला आणि बापाचे नाव सांगितले. आणि मग कोणाचा बांध, कोणाची बकरी, कोणाचा पळालेला जावई, ऐसे लोक दाटले, आणि राव उठू म्हणतात तो उठू देत नाहीत. दिवस मावळता स्वारी परत आली तेव्हा बोली म्हणाल तर एक कवडीची हाती नाही, परंतु अर्ज सात जाले होते. ऐसी शिकस्त त्या तालुक्यात पूर्वी कोणी खाल्ली नसेल.

राव यांनी हिंमत सोडली नाही. मग ठेवणीतल्या मराठीवर भिस्त ठेवोन चंद्रप्रभेच्या तोंडी "अहाहा, प्राणनाथ, या दासीचे काळीज विदीर्ण होत आहे" ऐसे घातले आणि निजामोद्दीन यांस ऐकविले. निजामोद्दीन यांनी घाबरोन विचारिले की, कोणी वारले काय?

आता महिन्याचे आठ दिवस उरले. निजामोद्दीन यांच्या घरी राव चहास गेले आणि ओट्यावर बसोन आपले दुःख सांगो लागले, की या मुलखात मनुष्य धड बोलतच नाही, माझ्या घरात तर बावीस वर्षांत कोणी माझ्याशी दोन वाक्ये बोलले नाही, मग मी बोली आणावी कोठून? तो आतून, पडद्याआडून, निजामोद्दीन यांचे कुटुंब लालबी, जी रोज दुपारी रावांच्या कुटुंबाकडे बसावयास जात असे, तिला राहवले नाही. ती नवऱ्यास उद्देशोन बोलिली: "भाभी तो रोज बोलती. इनो सुनतेच नै." इनो म्हणजे राव, हे ओट्यावर उभयतांस कळले. मग पडद्याआड कपबशी आपटली. निजामोद्दीन यांनी चहा खाली ठेविला आणि मित्राचा टाक, दौत आणि कागद तेथल्या तेथे जप्त करोन फर्माविले की, उद्या कचेरी बंद. हात रिकामे घेऊन घरी बसावे आणि कान द्यावा.

येथे रावांचे कुटुंब सौभाग्यवती द्वारकाबाई यांची हकिकत सांगणे प्राप्त. माहेर टेंभुर्णी. बावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन घरात आल्या तेव्हा सासूबाई खंबीर होत्या, आणि सासूच्या देखत सुनेने नवऱ्याशी तोंड उघडावे ही चाल नव्हती. मग करावे काय? द्वारकाबाईंनी सर्व सुना करतात तेच केले, जे सांगावयाचे ते म्हशीस सांगितले. मीठ संपले, म्हशीस सांगितले. ताप आला, म्हशीस सांगितले. सासूबाई वारून नऊ वर्षे जाली, पहिली म्हैस गेली, दुसरी गेली, तिसरी भुरी दावणीस आली, तरी रिवाज तोच राहिला. आणि राव काय समजत, तर बायको म्हशीशी बोलते, बायकांस नाद असतो. धन्य त्या कानांची!

दुसऱ्या दिवशी राव हात रिकामे घेऊन ओसरीवर बसले. टाकावाचून हात कोठे ठेवावे कळेना, म्हणोन मांडीखाली ठेविले. गोठा ओसरीस लागोनच. द्वारकाबाई भुरीपुढे सरकीची पाटी ठेवून बोलत होत्या. बखरीत बायकांचे बोलणे जसेच्या तसे घालण्याची चाल नाही, ते आम्हांस ठाऊक आहे, कोणी शिकवू नये. परंतु येथे घातल्यावाचून इलाज नाही.

"खा बाई, ऊन ऊन खा. तू तरी येळेवर खातीस. काही काही मान्सं ताट निवंस्तोवर कागद बघत राहतेत, अन् मंग म्हनतेत भाकर कडक झाली." मग पाटी पुढे सरकवोन, "भाऊचा सांगावा आल्ता टेंभुर्णीहून. हुरडा सुरू झाला म्हनं. पंधरा दिस झाले त्याला. मला काय, मी कुठं म्हनले जायचं म्हनून? घरात कामं काय कमी हायेत?" आणि भुरीच्या पाठीवर थाप मारोन, "कोवळा हाय म्हनं औंदा."

राव यांनी हे ऐकिले आणि मांडीखालचे हात बाहेर काढिले. जी बाई जायचे नाही ऐसे म्हणते ती जायचे म्हणते आहे, आणि जी भाकरीविषयी बोलते ती भाकरीविषयी बोलत नाही, हे त्यांस एकदम दिसले. आणि बावीस वर्षे ही आपल्याशी बोलत होती, आणि आपण घरातच होतो, याची त्यांस इतकी लाज वाटली की त्या दुपारी ते जेवताना मान वर करीनात. ताट मात्र ऊन होते तोवर संपविले.

मग निजामोद्दीन यांजकडून टाक सोडवून आणिला आणि चंद्रप्रभेचे बोलणे एका बैठकीत लिहिले. चांदणे काढून टाकिले, चाफा काढिला, आणि गोठ्यात गाय बांधिली. चंद्रप्रभा गाईस म्हणते की, काही लोकांस वाटेल मी वाट बघते, मला काय काम नाही का? निजामोद्दीन यांनी वाचले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचले, ही त्यांची मोठी दाद. परंतु पुढे वीरेंद्राने जबाब द्यावा, तेथे घोडे अडले. राव यांनी नऊ वेळा लिहिले आणि नऊ वेळा वीरेंद्र "सबब" म्हणाला. कारण उघड होते. नायिका काय बोलते ते रावांनी ऐकिले होते. नायक काय बोलतो ते कोणाकडून ऐकावे? त्या घरात नायकाने कधी जबाब दिलाच नव्हता.

निजामोद्दीन म्हणाले, रावसाब, जवाब तो आपकोच देना पडता. टपाल उद्या निघते.

आता जी लढाई जाली ती निर्णायक. टपालाच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास मच्छिंद्रराव पगडी न घालता, बोडक्या डोक्याने, गोठ्यात शिरले. भुरीच्या उजवीकडे द्वारकाबाई शेण गोळा करीत होत्या, डावीकडे राव उभे राहिले, मध्ये म्हैस. सात वर्षांत पूर, मामा आणि अंगठी लिहिणाऱ्या मनुष्याने म्हशीचे दावे घट्ट धरिले होते, हे आम्ही लपवीत नाही. द्वारकाबाईंनी पाहिले आणि पाहिले नाही ऐसे केले. राव दोनदा खाकरले. मग भुरीच्या कानास बोलिले:

"भुरे, कारभारी गाडीवाला उद्या टेंभुर्णीला चालला म्हणे."

द्वारकाबाईंचा हात थांबला. पुन्हा चालू जाला. त्या भुरीसच म्हणाल्या, "जाईना का. कुनाला काय त्याचं?"

"काही न्हाई. गाडी रिकामीच हाय म्हणून म्हटलं."

"रिकामी गाडी हलकी पडते बैलाला. बरंच हाय."

राव यांस वाटले, खचलो. सबब हा शब्द जिभेवर आला होता, तो त्यांनी गिळिला. मग म्हणाले, "हुरडा कोवळा हाय म्हणे औंदा."

द्वारकाबाई उभ्या राहिल्या. हे वाक्य कोठचे ते त्यांस बराबर ओळखू आले, आणि त्यांचा चेहरा असा जाला की आम्हांस लिहिता येत नाही, कोणास येत असेल त्याने लिहावा. खाली बघोन त्या म्हशीस म्हणाल्या, "बावीस हुरडे झाले, भुरे. कोनी नेलं न्हाई."

येथे राव यांस कारणे पुष्कळ सांगता आली असती. कचेरी, आईचे दुखणे, अर्जांची गर्दी. कारणे लिहिण्यात त्यांचा हातखंडा. परंतु ते म्हणाले, "न्हाई नेलं."

एवढेच. भुरी मध्ये रवंथ करीत उभी. मग भुरीने शेपूट हाणिले आणि मागचा पाय उचलिला, आणि द्वारकाबाई एकदम नवऱ्याकडे पाहोन, म्हशीकडे नव्हे, बोलिल्या:

"सरका तिकडं. लाथ मारंल ती."

राव सरकले. सरकून जिकडे उभे राहिले तिकडे द्वारकाबाई होत्या. तेथे रावांनी शेणाची पाटी उचलू लागण्यास हात लाविला, आणि बाईंनी तो लावू दिला, आणि पाटी उकिरड्यावर दोघांनी नेली. शेजारपाजारच्यांनी हे आपल्या डोळ्यांनी पाहिले आणि तालुक्यात त्याची चर्चा चार दिवस पुरली.

मग राव घरात आले आणि टपाल निघण्यापूर्वी गोठ्यात दिला तोच जबाब वीरेंद्राच्या तोंडी घातला. खोडाखोड नाही. बाड निजामोद्दीन यांच्या हाती दिले की टपालात तुम्हीच घाला, मला गाडी सांगावयास जायचे आहे. दुसऱ्या दिवशी कारभारी गाडीवाल्याच्या छकड्यातून उभयतांची स्वारी टेंभुर्णीकडे कूच जाली. कारभारी सांगतो की वाटभर बाई बोलत होत्या आणि राव मधून मधून "मंग?" म्हणत होते. बाईंनी बैलांस एकदाही काही सांगितले नाही. शेतात भावाने आगटी पेटविली, हुरडा चोळून दिला, आणि राव यांनी इतका खाल्ला की परतीच्या वाटेवर त्यांस पडावे लागले. ते असो.

बहमन सरोन लागलेल्या इस्फंदार महिन्यात संपादकांचा दुसरा खलिता दाखल जाला. राव यांनी तो ओसरीवर बसोन मोठ्याने वाचला, आणि द्वारकाबाई दारात उभ्या राहोन ऐकत होत्या. मजकूर येणेप्रमाणे की, प्रकरण वाचोन आम्ही थक्क जालो, चैत्राच्या अंकापासून कादंबरी आपल्या नावासह छापू. मात्र एक शंका आहे. शेवटी चंद्रप्रभा वीरेंद्रास "सरका तिकडं, गाय लाथ मारंल" एवढेच म्हणते आणि कादंबरी संपते. तिचे त्याजवर प्रेम आहे की नाही ते वाचकांस कळत नाही, तरी तिने ते कबूल केल्याचे एक वाक्य घालावे.

राव यांनी खलिता खाली ठेविला आणि बायकोकडे पाहिले. द्वारकाबाई नवऱ्याकडे बघोन म्हणाल्या:

"एवढे शिकलेले, अन् एवढं बी कळंना त्यांना? केलं की तिनं कबूल!"

राव यांनी तोच जबाब, कानामात्रा न बदलता, औरंगाबादेस पाठविला, आणि संपादकांनी एक अक्षर न वाढविता प्रकरण छापिले. येणेप्रमाणे फसली सन तेराशे सेहेचाळीस, मुक्काम भोकरदन, चंद्रप्रभा बोलती जाली, द्वारकाबाईंच्या बोलण्यास बावीस वर्षांनी जबाब मिळाला, आणि राजेश्री मच्छिंद्रराव अर्जनवीस यांची फत्ते जाली, हे आम्ही राजीखुशीने नमूद केले असे. भुरीने त्या साली दूध कमी दिले. लालबीचे म्हणणे की, बिचारीशी आता कोणी बोलत नाही.